उभ्या गाडीचा दिवा

ताईच्या मोटारसायकलवरचा एबीएसचा पिवळा दिवा शुक्रवारी लागला तो लागलाच. चालत्या गाडीवरही विझेना. सोमवारी सकाळी त्याच गाडीची तपासणी होती. परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबने ताईला काम देऊ केलं होतं. घरोघरी आणि दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करायचे आणि वेळेत लॅबमध्ये आणून द्यायचे. गाडी स्वतःची हवी आणि ती तपासणीत पास झालेली हवी. सहा महिने उमेदवारी, मग कायम.

कायम हा शब्द आमच्या घरात साधा नव्हता. बाबा गिरणीत बदली कामगार होते. बदली म्हणजे पाळी सुरू व्हायच्या वेळी दारात जाऊन उभं राहायचं, आणि एखादा कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी आत शिरायचं. संप झाला तेव्हा बाबा जेमतेम मिसरूड फुटलेले. बदलीवाल्यांचं संपात काय गेलं, त्यांच्याकडे होतं काय, असं म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्याशी मी भांडले आहे. कायम होण्याची आशा होती ना. ती पणाला लावायलाही छाती लागते. संपानंतर गिरणीने बाबांना पुन्हा आत घेतलं नाही. पुढे ते वॉचमन झाले, लग्नाच्या हॉलमध्ये वाढपी झाले, पुन्हा वॉचमन झाले. कायम कुठेच झाले नाहीत.

संपाच्या दिवसांतली पत्रकं त्यांनी कॉटखालच्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. दुसरीत 'माझी आई' या निबंधाची सुरुवात मी 'बंधू-भगिनींनो!' अशी केली होती आणि शेवट 'एकजुटीचा विजय असो' असा. बाईंनी आईला बोलावून घेतलं. आई म्हणाली, "बाई, मधला सगळा माझ्याविषयीच आसा ना? मग झाला." मोठी झाल्यावर मी स्वतःच पत्रकं लिहायला लागले. चाळीच्या पुनर्विकासावर, कंत्राटी सफाई कामगारांवर, पाण्यावर. आमच्या नायगावच्या बीडीडी चाळीत माझ्या नावाने हाक मारण्याऐवजी लोक 'ए पत्रक' म्हणत. मला त्याचा अभिमान वाटायचा. अजून वाटतो.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ती पत्रकं वाचायची नाही. ती गाड्या वाचायची. कंत्राटदाराची स्कूटर घेऊन जेवणाचे डबे पोचवता पोचवता तिने पैसे साठवले आणि पोलीस लाइनीतल्या एका मुलाकडून ही मोटारसायकल घेतली. जुनी, पण एबीएसवाली. त्यावर ती अडूनच बसली होती. कारण आधीच्या स्कूटरवरून ती एकदा लालबागच्या बाजारापाशी पडली होती. मासळीच्या टेम्पोतून रस्ताभर पाणी सांडलेलं, समोर एक आजी आल्या, ताईने ब्रेक दाबला, चाक जागच्या जागी अडकलं आणि स्कूटर तशीच घसरत गेली. आजी वाचल्या. ताईचं मनगट गेलं. एबीएसमध्ये चाक अडकायला लागलं की ब्रेक आपोआप किंचित सुटतो, पुन्हा धरतो, पुन्हा सुटतो, आणि गाडी न घसरता थांबते. तो पिवळा दिवा लागून राहिला म्हणजे ही सोय बंद आहे. साधा ब्रेक लागतो, पण ओल्या रस्त्यावर तुम्ही आणि तुमचं नशीब.

शनिवारी ताई सर्व्हिस सेंटरला जाऊन आली. तिथल्या पोराने गाडीकडे न बघता कॉम्प्युटरकडे बघितलं आणि सांगितलं, "मॅडम, पूर्ण युनिट चेंज करावं लागेल. पार्ट मागवायला पंधरा दिवस." किंमत ऐकून ताईने हेल्मेट घातलं आणि ती बाहेर आली. वाटेत लालबागच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, "काय टेन्शन घेतेस? दिव्याचं कनेक्शनच काढतो. पाच मिनटं. तपासणीवाल्याच्या बापाला पण कळणार नाय."

"आणि ब्रेक?" ताईने विचारलं.

"ब्रेक आहे ना. आमच्या टायमाला कुठे होता एबीएस? मेलो काय आम्ही?"

रविवारी सकाळी हे सगळं आमच्या खोलीत मांडलं गेलं. आई सुकटीची डोकी मोडत बसली होती, बाबा चहा बशीत ओतून पीत होते. मी तोवर मनातल्या मनात सर्व्हिस सेंटरविरुद्ध पत्रकाचा मथळा तयार केला होता. गॅरेजवाल्याच्या सल्ल्यावर मी काही बोलणार इतक्यात बाबाच म्हणाले, "कनेक्शन कशाला काढतंस? काळी पट्टी लाव त्याच्यावर. एकदा कायम झालीस की सावकाश दुरुस्त कर."

मला माझ्या कानांवर विश्वास बसेना.

"बाबा, तुम्ही हे सांगताय?"

"मीच सांगतोय. घरात दुसरा कोण बाबा आहे?"

"मागाला काटा असतो, आडवा धागा तुटला की काटा पडतो आणि माग थांबतो, हे मला कुणी सांगितलं? उत्पादन वाढवायला काटा बांधून ठेवायला सांगायचे आणि कापडाला भोक पडलं की दंड विणकराला, हे कुणी सांगितलं? काटा बांधणारा मालकाचा माणूस, हे तुमचं वाक्य आहे."

"माझंच आहे." बाबांनी बशी खाली ठेवली. त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे मला जास्त राग आला. "मी काटा बांधला नाय कधी. बरोबर केलं. आणि मला कायम कोणी केलं? तू करणार होतीस? माझी पोरगी उद्या कायम होते, तर मी पट्टीच काय, पडदा लावीन त्या दिव्यावर."

"म्हणजे तत्त्व फक्त दुसऱ्याच्या पोरीसाठी!"

"हळू गो," आई म्हणाली. "शेजारी आयकतत. फुकटची सभा."

हातातला चहा संपवून ताई उठली. "तुमचं दोघांचं झालं असेल तर एक सांगू? गाडी माझी. मनगट माझं. पट्टी लावली तर तपासणीवाला फसेल, रस्ता नाय फसायचा. मी दुरुस्तच करणार आहे. नाय झाली तर उद्या दिवा लागलेल्या गाडीवर जाईन आणि नापास होईन." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू काय लिहितेयस डोक्यात? पत्रक नंतर काढ. आधी टॉर्च धर."

आम्ही खाली गेलो. चाळींच्या मधल्या पटांगणात रविवारचं क्रिकेट चाललं होतं. ताईने गाडी भिंतीकडे घेतली आणि मोबाइल सीटवर टेकवला. तिने रात्रभर व्हिडिओ पाहिले होते, शिवाय गाडीची पुस्तिका होती. सर्व्हिस सेंटरवर तिचा राग नव्हताच. ती म्हणाली, "त्याने शेवटचं कारण पहिलं सांगितलं, एवढंच. आपण पहिल्यापासून जाऊ."

आधी फ्यूज. सीटखालची छोटी डबी उघडून तिने एबीएसचा फ्यूज काढला, उजेडात धरला. आतली तार शाबूत. मग बॅटरी. चाळीतल्या इलेक्ट्रिशियनचा मीटर मागून आणला होता, तो लावून पाहिला. ठीक. मग हँडलखाली जाणाऱ्या वायरींचे जोड, एकेक सुटा करायचा, फुंकर मारायची, पुन्हा बसवायचा. प्रत्येक वेळी ती चावी फिरवून पटांगणाला चक्कर मारायची आणि परत येऊन नुसती मान हलवायची. क्रिकेटवाले वैतागले. "ताई, बॅटिंग चाललीय! गाडी एका टीममध्ये घे नायतर बाहेर ने!"

बाबा वरून गॅलरीतून बघत होते. माझ्याशी अबोला होता, म्हणून ते ताईलाच विचारायचे, "झालं काय गो?" ताई म्हणायची, "होतंय." दुपारच्या जेवणाला तेच उत्तर होतं. कोळंबीचं तिखलं होतं आणि आम्ही तिघं एकमेकांकडे न बघता जेवलो. आईने बाबांच्या आणि माझ्या ताटात सारखीच कोळंबी वाढली, मोजून, मुद्दाम आम्हाला दिसेल अशी.

जेवणानंतर बाबाही खाली आले. बसायला पाट घेऊन. पाट त्यांनी गाडीच्या दुसऱ्या बाजूला ठेवला, म्हणजे मी एका बाजूला, ते दुसऱ्या.

आता पुढचं चाक राहिलं होतं. चाकाच्या मध्याला ब्रेकच्या चकतीच्या आत एक लहान कडं असतं, त्याला सगळीकडून खिडक्यांसारख्या फटी. त्याच्या अगदी जवळ, केसाएवढ्या अंतरावर, सेन्सर. काळा, बोटाच्या पेराएवढा. चाक फिरताना त्या फटी समोरून जातात आणि सेन्सर त्यावरून चाकाचा वेग ओळखतो. मधे काही आलं की त्याचा हिशेब चुकतो आणि दिवा लागतो. ताईने हे मला समजावलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे मतमोजणीचा प्रतिनिधी." ती म्हणाली, "टॉर्च सरळ धर."

तिने सेन्सरचा स्क्रू काढला आणि तो हळूच बाहेर ओढला. त्याच्या टोकाला काळपट बुरा चिकटला होता. सेन्सरला लोहचुंबक असतं, ब्रेकचा लोखंडी बुरा त्यावर बसतोच. पण त्या बुऱ्यात आणखी काहीतरी होतं. ताईने ते नखाने सोडवलं आणि तळहातावर घेतलं. बारीक लोखंडी तारेचा वाकडा तुकडा होता आणि त्याला एक वाळलेली केशरी पाकळी अडकली होती.

झेंडूची.

ताईने माझ्याकडे बघितलं. मग आम्ही दोघींनी बाबांकडे बघितलं.

दसरा होऊन चार-पाच दिवस झाले होते. गिरणीत दसऱ्याला माग बंद असायचे. सगळी यंत्रं पुसून त्यांना हार घालायचे, आणि बाबांच्या खात्याची रीत अशी की हार चौकटीला नाही, चाकाला घालायचा. जे फिरतं त्याला फूल. पोट त्याच्यावर चालतं, म्हणून. बदलीवाल्यालाही त्या दिवशी माग मिळायचा, हार घालण्यापुरता. संपानंतर बाबांकडे यंत्र उरलं नाही, पण दसरा सुटला नाही. आधी त्यांनी आईच्या शिलाई मशीनच्या चाकाला हार घातला. मशीन विकल्यावर टेबलफॅनला. मग मिक्सरला. चाळीतले लोक हसायचे, मीही हसायचे. आणि मी देवबिव मानत नाही, तरी त्या हारावर मी कधी वाद घातला नव्हता. ती पूजा कामाची होती.

यंदा बऱ्याच वर्षांनी घरात खरं यंत्र आलं होतं. बाबांनी दादरच्या फुलबाजारातून झेंडू आणला आणि हार स्वतः ओवला. दोऱ्यात नाही, तारेत. पुढच्या चाकाला गुंडाळून त्यांनी ताईला सांगितलं, "एक चक्कर मारून ये. हार घातला की यंत्र चालवायचं, नुसतं ठेवायचं नाय." तिने मारली होती. संध्याकाळी हार ओढून काढताना तो तुटला होता आणि कुणाला काही वाटलं नव्हतं.

बाबा पाटावरून उठून आले. त्यांनी तारेचा तुकडा ताईच्या हातावरून उचलला आणि डोळ्यांजवळ नेला.

"दोरा चाकात तुटतो," ते म्हणाले. "मागाच्या पुलीवर नेहमी तारच वापरायचो. म्हणून..."

त्या क्षणी मी जिंकले होते, हे मला दिसत होतं. सकाळच्या भांडणात मी जे म्हटलं त्याच्या पुढे मी आणखी बरंच म्हणू शकले असते. ताईच मधे पडली.

"बाबा, मागाला सेन्सर होता काय?"

"नाय."

"मग तुम्हाला कसं कळणार? आणि युनिट गेलं नाय, हे चांगलंच झालं ना? तारेवर निभावलं." मग ती हसायलाच लागली. "पंधरा दिवस थांबून नवीन युनिट आणलं असतं आणि त्याच्या सेन्सरलाही झेंडू!"

बाबांनाही हसू फुटलं. मलाही. अबोला तिथेच संपला, कुणी संपवला ते सांगता येणार नाही.

ताईने सेन्सर फडक्याने पुसला, कड्याच्या फटी जुन्या टूथब्रशने साफ केल्या आणि सगळं पुन्हा बसवलं. चावी फिरवली. बाबा आणि मी दिव्यावर वाकलो.

दिवा पेटलेला.

"गेलं," बाबा म्हणाले.

"अहो, उभी गाडी आहे," ताई म्हणाली. "चाक फिरल्याशिवाय त्याला कळणार कसं, ते नीट फिरतंय की नाय? उभ्या गाडीला हा दिवा लागलेलाच असतो. चांगल्या गाडीलाही. चार पावलं चालली की विझतो."

"चांगल्या गाडीलाही?"

"सगळ्यांच्या गाडीला."

ती चक्कर मारायला गेली. क्रिकेट आपोआप थांबलं, कारण आता फलंदाजालाही निकाल हवा होता. ती परत आली तेव्हा चेहरा पडलेला. दिवा तसाच. वरून आईने ओरडून विचारलं, "काय झाला?" ताई पुन्हा चाकाजवळ बसली. सगळ्या वायरींवरून तिने बोट फिरवलं, मागे-पुढे, आणि सकाळी सोडवलेल्या एका जोडावर ते थांबलं. तिने तो दाबला. टिक असा आवाज झाला. इतका बारीक, की क्रिकेट चालू असतं तर ऐकूही आला नसता.

"हा पुरता बसलाच नव्हता," ती स्वतःशीच म्हणाली, आणि निघाली.

या वेळी ती पटांगणाच्या कोपऱ्यापर्यंतही गेली नाही. पाण्याच्या टाकीपाशीच तिने एक हात वर केला आणि हॉर्न वाजवत राहिली. क्रिकेटवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने ताईला सामनावीर जाहीर केलं. बाबा पाटावर बसले आणि तारेचा तुकडा त्यांनी शर्टाच्या खिशात टाकला. का, ते मी विचारलं नाही.

सोमवारी मी ताईबरोबर गेले. "तू तोंड उघडायचं नाय," ही तिची अट होती. "काही झालं तरी. तू बोलायला लागलीस की लोकांना वाटतं मोर्चा आलाय."

लॅबची इमारत काचेची. तळघरातल्या पार्किंगमध्ये तपासणी चालली होती. तपासणी करणारा आमच्याच वयाचा मुलगा होता, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. रांगेत सगळे पुरुष, ताई एकटी बाई. त्याने टायर पाहिले, आरसे पाहिले, हॉर्न वाजवला. मग ताईला चावी फिरवायला सांगितली आणि टॅबवर बोट ठेवलं.

"एबीएस लाइट ऑन आहे. सॉरी मॅडम. रिजेक्ट."

"गाडी उभी आहे, सर. चालली की जातो तो."

"माझ्याकडे कॉलम आहे, वॉर्निंग लाइट ऑन की ऑफ. तो ऑन दिसतोय."

मी तोंड उघडलं. माझ्याकडे वाक्यं तयार होती, कॉलम कोण बनवतं आणि रस्त्यावर कोण पडतं याविषयी. चांगली वाक्यं होती ती. ताईने मागे न बघता माझ्या पायावर पाय दिला.

"सर, मागे बसा," ती म्हणाली.

"काय?"

"मागे बसा आणि माझ्या खांद्यावरून दिवा बघा. गेला नाय तर रिजेक्ट करा, मी काही बोलणार नाय."

रांगेतून कुणीतरी हसलं. "बस ना रे, घाबरतोस काय? ताई सोडतील घरी!"

त्याने इकडे तिकडे बघितलं. "मीच चालवून बघतो ना."

"रोज मी चालवणार आहे," ताई म्हणाली. "मी चालवताना बघा."

तो बसला. हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना, शेवटी त्याने टॅबच छातीशी दोन्ही हातांनी धरला. ताईने गाडी वळवली. पहिल्याच खांबापाशी तो खांद्यावरून पुढे झुकलेला मला दिसला, आणि तो ओरडून म्हणाला, "गेला! ऑफ झाला!" इतक्या आनंदाने, की जणू गाडी त्याचीच होती. वर जाणाऱ्या रॅम्पवर सफाईवाल्यांनी नुकतंच पाणी मारलं होतं. वळून खाली येताना ताईने त्याला सांगितलं, "घट्ट बसा हां आता," आणि ओल्या फरशीवर ब्रेक दाबला. गाडी थरथरत, नाक खाली घालत, सरळ रेषेत थांबली. तो उतरला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"कॉलममध्ये काय लिहू?" त्याने ताईलाच विचारलं.

"ऑफ."

त्याने ऑफ लिहिलं. मग पुढच्या माणसाच्या गाडीकडे गेला, चावी फिरवायला सांगितली, दिवा बघितला आणि म्हणाला, "चला, जरा चालवून दाखवा. मी बसतो मागे." मी हे ऐकलं आणि मला वाटलं, एक पत्रक न छापताच वाटलं गेलं.

वर ऑफिसात ताईला नेमणुकीचा कागद मिळाला. तिने बाबांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"झालं," ती म्हणाली.

पलीकडे आईचा कुकर शिट्या मारत होता.

"कायम?"

"सहा महिन्यांनी."

"लेखी दिलंय?"

"लेखी. सही-शिक्क्यासकट."

"धाकटीला वाचायला दे आधी," बाबा म्हणाले. "शेवटपर्यंत. बारीक अक्षरातलं पण. मग सही कर."

मी वाचला. दोनदा. सुट्टीच्या कलमात एक गडबड होती, ती मी ताईला दाखवली. ताईने ती तिथल्या बाईंना दाखवली आणि त्यांनी ती पेनाने दुरुस्त करून शेजारी सही केली. मग ताईने आपली केली.

मला वाटलं होतं, आता आपण हिंदमात्याला जाऊन काहीतरी गोड खाऊ. पण तिथेच त्यांनी ताईच्या हातात एक निळी थंड पेटी दिली. ठाकूरद्वारच्या एका दवाखान्यातले नमुने आणायचे होते, आणि त्यांचा नेहमीचा माणूस आला नव्हता.

"आजच?" मी विचारलं.

"आजच," ती म्हणाली आणि खाली येऊन पेटी मागच्या सीटला बांधायला लागली. पट्टा दोनदा ओढून पाहिला. तिने चावी फिरवली, गाडी पुढे गेली, मी वळणापर्यंत मागे चालत गेले, आणि रस्त्याला लागण्याआधी तिने खाली मान घालून एकदा दिव्याकडे बघितलं. मग डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि बसच्या मागून ती गर्दीत शिरली.

माझं हेल्मेट माझ्याच हातात राहिलं होतं. ते काखेत धरून मी नायगावपर्यंत चालत आले.